आलं का?

बसा भाऊ. पंख्याखालीच बसा, लाइट आली तर तेवढंच वारं लागेल. धारूरहून भर उन्हात आलात, आधी पाणी घ्या. आणि हा गुळाचा खडा तोंडात टाका, तेलगावात येऊन नुसतं पाणी पिऊन जायचं नसतं. दार लोटून घेतलंय ते झळांसाठी. थोड्या वेळात डोळे अंधाराला सरावतील, मग तुम्हाला दोन्ही मिक्सर दिसतील. भिंतीकडचा बारका, स्क्रीनवाला, तो डिजिटल. आणि पलीकडे जुन्या साडीखाली झाकलेला, दाराएवढा लांब, तो ॲनालॉग.

मिक्सर म्हटलं की आमच्याकडच्या बायका अजून चटणीचाच समजतात. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासरची माणसं अभिमानानं म्हणाली, "आमच्याकडं लई मोठा मिक्सर हाय." माझी आई मनात म्हणाली, बरं झालं, पोरीला पाट्यावर वाटायला नको.

तर तुमच्या भजनी मंडळाला मिक्सर घ्यायचाय आणि डिजिटल घ्यावा का ॲनालॉग, असा तुमचा सवाल आहे. सवाल सरळ आहे, पण माझ्याकडे सरळ उत्तर नाही. आणि एक सांगा, जुना विकायचाय असा फोन तुम्हाला कुणी केला? पुरुषाचा आवाज होता ना? जड, शब्दाशब्दाला थांबणारा? वाटलंच मला. मी कुणाला फोन केलेला नाही. पण आता आलाच आहात तर ऐकून जा. आवाज मात्र जरा हळू ठेवा, आत झोपलेत.

साऊंडचा धंदा माझ्या सासऱ्यांचा, मृत्युंजय आप्पांचा. शिवनाम सप्ताह असो, कीर्तन असो, लग्न असो, आप्पा मिक्सरवर बसले म्हणजे आवाज गोड लागणार, असं लोक म्हणायचे. स्वतः आप्पा फार बोलत नसत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि मिक्सरपुढे मांडी घातलेली. मिक्सर चालू केला की आधी त्याला हात जोडायचे, "शिवा शिवा" म्हणायचे, आणि मगच आवाजाची पहिली पट्टी अंगठ्यानं वर सरकवायचे. माझा नवरा सिद्धेश्वर स्टेजवर. नाव घेते बरं का मी नवऱ्याचं, आता चालतं. सासूबाईंनी मात्र जन्मात कधी आप्पांचं नाव घेतलं नाही. नेहमी "हे". "हे जेवलेत", "हे निजलेत".

मला मिक्सरवर आप्पांनीच बसवलं. भावकीनं नाकं मुरडली, सून गड्यांच्या घोळक्यात बसते म्हणून. आप्पा म्हणाले, "कान बाईमानसाचे बरे आस्त्यात. लेकराचं रडनं झोपंत बी वळखत्यात." मी काही त्या माणसावर कमी माया केली नाही, भाऊ. हे आधीच सांगून ठेवते.

कार्यक्रमाआधी लाइन तपासतात, ते तुम्ही पाहिलं असेल. एक जण स्टेजवर एकेका माइकपुढे जाऊन विचारतो, "आलं का?" म्हणजे, आवाज आला का. मिक्सरवरचा माणूस बटण दाबून आपल्या माइकमधून म्हणतो, "आलं." ते स्टेजवरच्या स्पीकरच्या डब्यातून त्याला ऐकू जातं. वीणेचा माइक, आलं का? आलं. मृदंग, आलं का? आलं. सिद्धेश्वर विचारायचा, "आप्पा, आलं का?" आणि आप्पा म्हणायचे, "आलं." बापलेकांचं आयुष्यातलं निम्मं बोलणं एवढंच.

माघात आप्पा साध्या तापानं गेले. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. जन्मभर मिक्सरपुढे मांडी घालून बसलेला माणूस तसाच मांडी घालून खाली गेला. माती लोटताना सिद्धेश्वर रडला नाही. नुसता कान देऊन उभा होता.

दुखवटा सरल्यावर पहिलं काम एका लग्नाचं आलं. मिक्सरवर मी होते. सिद्धेश्वर स्टेजवर गेला, पहिला माइक हातात घेतला आणि सवयीनं बोलून गेला, "आप्पा, आलं का?" बोलला आणि तोंड एवढंसं झालं त्याचं. मी घाईनं "आलं" म्हणायला बटण दाबायला गेले.

जुन्या मिक्सरची एक खोड असते. सगळे माइक बंद असले तरी हेडफोनमध्ये बारीक सूं वाजत राहतं, लांबच्या उसातून वारं जावं तसं. माझं बोट बटणापर्यंत पोचायच्या आधी त्या सूंमधून कुणीतरी म्हणालं, "आलो."

आलं नाही, भाऊ. आलो.

आवाजाला आपण "आलं" म्हणतो. माणूस म्हणतो "आलो". स्टेजवर सिद्धेश्वरच्या पायाशी तो डबा होता, त्यातून त्यालाही ऐकू गेलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की मला त्या भर मांडवात हुडहुडी भरली.

त्यानंतर त्याची दुपार या खोलीत जायला लागली. जेवणं झाली की दार लोटायचा, मिक्सर लावायचा, एक माइक जोडायचा, हेडफोन कानाला. "आप्पा, आलं का?" मग थांबायचा. बाहेर लिंबाच्या झाडावर होला घुमायचा, उन्हानं पत्रे तडतडायचे, आणि आत हा डोळे मिटून बसलेला. कधी उत्तर लवकर यायचं, कधी ऊन कलेपर्यंत यायचं नाही. पण यायचं. मग हा बोलत बसायचा. काय बोलायचा ते मी दाराला कान लावून ऐकायची आणि ऐकू आलं की रडू यायचं, कारण लहानपणच्या गोष्टी असायच्या सगळ्या. कुठल्याशा जत्रेत हरवला होता ते. आप्पांच्या खांद्यावर बसून कुस्त्या पाहिल्या ते.

सासूबाईंनी एकदाच तोंड उघडलं. "सिद्धू, दुपारच्या पारी कावून हाक मारतूस रं? ह्या येळंला हाक मारली की कोन ओ देईल, त्याचा काई नेम हाय का?"

"आप्पाच हाय त्ये. दुसरं कोन आसनार?"

"आन् तुला हाक आली, तर ओ दिऊ नगंस," सासूबाई म्हणाल्या, आणि परत कधी त्या विषयावर बोलल्या नाहीत.

तो वाळत चालला. भाकरी कुस्करून तशीच ठेवायचा. माझ्याशी बोलताना मधेच थांबून मान कलती करायचा, जणू माझ्या बोलण्यामागे दुसरं काहीतरी चालू आहे. मला माझा माणूस परत पाहिजे होता, भाऊ. बाकी डिजिटल आणि ॲनालॉग सगळं निमित्त.

बीडला शहादेवचं साऊंडच्या सामानाचं दुकान आहे. सिद्धेश्वरला घेऊन मी तिथं गेले. शहादेव मोठा बोलका. म्हणाला, "ताई, जुना म्हंजी बैल हाय. धूळ खातो, ऊन खातो, बिघडला तर कोनीबी खोलून नीट करतो. हात ठिवला की कळतं कुठं दुखतंय. नवा म्हंजी..." त्याला जनावर सुचेना. "नवा सगळं ध्यानात ठिवतो. आज चकलांब्याला कसं लावलं, पुढच्या साली बोट लावलं की तसंच. आन् सूं न्हाई. माइकसमोर कोनी बोललं तर आवाज, न्हाई बोललं तर शिस्तीत दार बंद. मधलं काई न्हाईच."

"मधलं म्हणजे?" मी विचारलं.

"त्येच की, सूं. जुन्यात मधलं आसतंय."

मी तिथंच ठरवलं. सिद्धेश्वर ऐकेना. शेवटी असं ठरलं की चकलांब्याच्या सप्ताहात शहादेवकडचा नवा नेऊन दोन्ही मिक्सर शेजारी शेजारी मांडायचे आणि दोन्हींवर ऐकायचं. नव्यातही आप्पा बोलले तर मी कधी काही म्हणणार नाही. नव्यात नाही बोलले, तर तो वायरीचा खेळ म्हणायचा, जुना शहादेवला देऊन टाकायचा आणि त्या दुपारी सोडायच्या. मी त्याला गळ्यातल्या लिंगाला हात लावायला लावला. त्यानं लावला.

ती दुपार मला अजून डोळे मिटले की दिसते. महाप्रसाद झालेला. जिलेबीच्या पाकाचा आणि तापलेल्या कापडाचा वास. मांडवात जो तो जिथं टेकला तिथं झोपलेला, फेटे उशाला, बायका पदर तोंडावर घेऊन. मांडवाचं कापड वाऱ्यानं फुगायचं आणि खाली यायचं, साऱ्या मांडवानं मिळून श्वास घ्यावा तसं. जागा असा एकच माणूस, वीणेकरी. अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते आणि थांबवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तो म्हातारा उभ्याउभ्या डुलत होता आणि बोटं आपोआप चालली होती. तुण, तुण.

मी स्टेजवर गेले. सिद्धेश्वर मांडवाच्या टोकाला दोन्ही मिक्सरपुढे, हेडफोन लावून.

आधी जुना. माइक तोंडाशी धरून मी हळूच विचारलं, "आलं का?"

त्यानं दोन्ही हात वर करून मला दाखवले. बटणावर हात नाही, बघ, असं. आणि माझ्या पायाशीच्या डब्यातून, अगदी जवळून, आजवर कधी आलं नव्हतं इतक्या जवळून उत्तर आलं, "आलो." भस्माचा वास आला. खोटं कशाला सांगू, मला भीतीआधी बरंच वाटलं. वाटलं, आप्पा आहेत, झोपलेल्या माणसांवर पांघरूण घालायला आलेत.

मग त्यानं वायरी काढून नव्याला लावल्या. स्क्रीनचा निळा उजेड त्याच्या तोंडावर पडला.

"आलं का?"

काही नाही. सूं नाही, खरखर नाही. विहिरीत खडा टाकावा आणि तो पडूच नये, तशी शांतता. मला हसू फुटलं. मी पुढच्या माइकपाशी गेले. "आलं का?" काही नाही. पण मग माझ्या लक्षात आलं, की सिद्धेश्वरनं तरी "आलं" म्हणायला पाहिजे. आवाज तर जात होता. तो डोळे मिटून बसला होता, मान एका बाजूला कलती.

"सिद्धेश्वर... आलं का?"

त्यानं मांडी घातली. डोळे मिटलेलेच. दोन्ही हात जोडून त्यानं त्या नव्या मिक्सरला नमस्कार केला, ओठ हलले, आणि पहिली पट्टी अंगठ्यानं वर सरकवली. मग बटण दाबलं.

"आलो," तो म्हणाला. "आलो, सूनबाई... हितं बरं हाय. सूं न्हाई कसली."

मी वीणेकऱ्याकडे पाहिलं. म्हातारा टक्क जागा होता, माझ्याकडे बघत होता, आणि त्याची बोटं तारेवर थांबली होती. अखंड वीणा थांबत नसते, भाऊ. ती थांबली होती.

"थट्टा करतोस का मेल्या!" मी ओरडले. दोन-चार झोपलेली माणसं कुशीवर वळली. सिद्धेश्वरनं डोळे उघडले, हेडफोन काढले आणि भोळेपणानं म्हणाला, "कसली थट्टा? न्हाई आले आप्पा. सोडलं बघ, तुज्या मनासारखं झालं." आणि वीणा परत सुरू झाली, तुण, तुण. मी मनाला समजावलं. ऊन, भरलेलं पोट, डोळा लागला असेल, स्वप्नात बरळला असेल.

जुना मिक्सर शहादेवकडे गेला. आणि खरं सांगते, पुढचे दिवस सुखाचे गेले. सिद्धेश्वर जेवायला लागला. दुपारी इथं न बसता आत जाऊन झोपायला लागला. कामं वाढली. नव्या मिक्सरवर तो स्वतः बसायचा आणि लोक म्हणायचे, आप्पांच्या हाताची गोडी उतरली पोरात. मला अभिमान वाटायचा. बोलणं जरा जड झालं होतं, शब्दाशब्दाला थांबायचा. वाटलं, वयानं येतो शहाणपणा. मिक्सर चालू केला की हात जोडायचा. वाटलं, बापाची आठवण. मांडी घालून बसायचा, ज्याला जन्मात कधी खाली बसवत नव्हतं. एकदा चुलीपाशी होते, मागून आवाज आला, "सूनबाई, पानी." मी तांब्या भरून दिला, त्यानं घेतला, प्याला, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रात्री अंथरुणात मला ते आठवलं. तोवर तो माझ्याकडे पाठ करून झोपायला लागला होता, अवघडून, अगदी भिंतीला चिकटून, परक्या बाईजवळ झोपावं लागल्यासारखा.

मग एक दिवस शेजारची कडूबाई दारात येऊन म्हणाली, "सिद्धू कुठंय? माइक पायजे हुता जागरनाला."

सासूबाई उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. डोक्यावर पदर नीट ओढून घेतला, नव्या नवरीसारख्या खाली बघत म्हणाल्या, "हे निजलेत."

कडूबाईला काही कळलं नाही, ती गेली. मी मात्र हातातलं तसंच टाकून स्टँडवर गेले आणि बीडची गाडी धरली.

शहादेवच्या दुकानात जुना मिक्सर कोपऱ्यात धूळ खात होता. "कोनी घेत न्हाई, ताई," तो म्हणाला. "लावून दाखवला की गिऱ्हाईक हेडफोन काढून ठिवतं आन् निघून जातं. मी बी लावला हुता येकदा. परत न्हाई लावला." मी म्हटलं, लाव. हेडफोन कानाला लावले. सूं होतं, तेच, उसातून वारं जाणारं. आप्पांना हाक मारावी तर जीभ उचलेना. कुणाला हाक मारावी तेच मला कळेना. शेवटी नुसतंच म्हटलं, "आलं का?"

मग फार लांबून, वाऱ्याआडून,

"वर्षे... आलं गं. कवाचं आलंय. तूच ऐकंनास."

त्या आवाजात आप्पांचा काही अंश नव्हता. माझा होता तो, माझा माणूस. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि मी त्या मिक्सरला मिठी मारून रडले, लाज नाही, काही नाही. त्याच दिवशी टेम्पोत घालून घरी आणला.

आता दोघं इथं आहेत, हे असे. आतल्यांना मी हात जोडून विनवलं, एकदा जुन्याचे हेडफोन लावा, त्याला त्याची जागा परत द्या. ते हसतात. आप्पांचंच ते हसणं, मायेचं. म्हणतात, "इकून टाक त्ये, सूनबाई. जुनं झालं. लई खरखरतंय." म्हणून तुम्हाला फोन केला असेल. त्यांचा माझ्यावर राग नाही, माझाही त्यांच्यावर नाही. सासूबाई तर हल्ली केसांना तेल लावून, स्वच्छ लुगडं नेसून बसतात. त्यांचं सुख बघवत नाही आणि मोडवतही नाही. आणि सिद्धेश्वरचा आवाज रोज थोडा लांब जातोय. पहिल्यांदा शेजारच्या रानातून यायचा. आता सिंदफणा नदीच्या पलीकडून आल्यासारखा येतो.

तेव्हा न्यायचा असेल तर डिजिटल न्या, भाऊ. चांगला आहे, स्वच्छ आहे, सगळं ध्यानात ठेवतो. फक्त लाइन तपासताना मिक्सरवरचा माणूस "आलं" म्हणतो का "आलो", तेवढं नीट ऐका. जुना मात्र मी देणार नाही. कुणीही सांगितलं तरी देणार नाही.

थांबा. आतली कडी वाजली. दुपारची झोप झाली त्यांची. पदर घेते मी जरा डोक्यावर. तुम्ही उठू नका, बसूनच रामराम करा, चालेल त्यांना.

आणि ते येईपर्यंत हे जुन्याचे हेडफोन नुसते हातात धरा. कानाला लावू नका. धरा... ऐकू आलं? लाइट नाही, भाऊ, सकाळपासून नाही. त्या मिक्सरची पिनसुद्धा बोर्डात लावलेली नाही, बघा ना, वायर साडीवर गुंडाळून ठेवलीय. इतके दिवस मी विचारायची आणि तो सांगायचा. आज सकाळपासून तोच विचारतोय.

"वर्षे, आलीस का?"

अजून तरी मी ओ दिलेली नाही.